हेक्टरी ३०० किलोंचा फरक वाणाचा की शेताचा?

शेजारी-शेजारी पेरलेल्या दोन संकरित ज्वारींपैकी एकीने हेक्टरी ३०० किलो दाणा अधिक दिला, तर पुढच्या हंगामात तीच पेरावी का, असे आपण विचारले आहे. केवळ तेवढ्या माहितीवर हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच वाण त्या दोन्ही पट्ट्यांत पेरला असता, तरी उत्पादनात किती तफावत आली असती, हे आधी कळायला हवे.

म्हणूनच तुल्य वाण, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची तो वाण, चाचणीत एकदाच न लावता दर तीन-चार पट्ट्यांनंतर पुन्हा लावावा, असा माझा आग्रह असतो. जमिनीची खोली, उतार, आधीच्या पिकाचा बेवड यांमुळे त्या एकाच वाणाच्या पट्ट्यांत ४०० किलोंचा फरक पडत असेल, तर ३०० किलोंच्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. पद्धतशीर चाचणीत प्रत्येक वाणाच्या पुनरावृत्त्या असतात, त्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेली असते आणि तक्त्याच्या तळाशी 'क्रांतिक फरक', म्हणजे निव्वळ योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकाची मर्यादा, दिलेला असतो. दोन वाणांतील अंतर त्याहून कमी असेल, तर चाचणीने त्यांच्यात डावे-उजवे ठरवलेले नाही, असेच समजावे.

दुसरा मुद्दा ओलाव्याचा आहे आणि माझ्या मते सर्वाधिक दिशाभूल इथेच होते. समजा, उशिरा पक्व होणाऱ्या वाणाचे वजन १८ टक्के ओलाव्यावर हेक्टरी ५००० किलो भरले आणि लवकर येणाऱ्या वाणाचे १२ टक्क्यांवर ४७०० किलो भरले. दोन्ही आकडे १४ टक्के ओलाव्यावर आणले, म्हणजे पहिल्याला ८२ भागिले ८६ ने आणि दुसऱ्याला ८८ भागिले ८६ ने गुणले, की ते अनुक्रमे सुमारे ४७६७ आणि ४८०९ किलो होतात. म्हणजे ३०० किलोंची आघाडी तर गेलीच, शिवाय क्रमही उलटला. आपल्या चाचणीत मळणीच्या वेळी ओलावा मोजला होता का, हे अवश्य विचारा.

लहान वाफ्यांचे आकडेही जपून वापरावेत. ४५ सेंमी अंतरावरील, ५ मीटर लांबीच्या दोन ओळींचे क्षेत्र अवघे ४.५ चौरस मीटर भरते. तिथे वजनात १०० ग्रॅमची चूक झाली, तर हेक्टरी हिशेबात ती सुमारे २२२ किलोंची होते. कडेच्या ओळींना ऊन आणि ओल अधिक मिळते, त्यामुळे त्या वगळूनच कापणी करावी.

वाणांची तुलना शक्यतो एकाच पक्वता गटात करावी. सर्वांआधी दाणा भरणाऱ्या वाणावर पाखरे तुटून पडतात, तर मागाहून फुलणाऱ्या कणसांना मिजमाशीचा उपद्रव अधिक होऊ शकतो. हे नुकसान खरे असले, तरी संपूर्ण शेतात एकच वाण असता, तर ते तेवढेच झाले असते असे नाही. पेरणीही बियाण्याच्या वजनावर नव्हे, तर दाण्यांच्या संख्येवर ठरवावी, कारण टपोऱ्या बियाण्याच्या वाणाची रोपे तेवढ्याच वजनात कमी येतात. शिवाय उत्पादनाच्या रकान्याशेजारी पीक लोळण्याची टक्केवारी जरूर पाहावी. खडखड्या रोगाने खोड पोकळ झालेल्या वाणाचा आकडा हाताने कापलेल्या चाचणीत चांगला दिसतो, पण यंत्राने कापणी करताना तो तसा मिळत नाही.

एका शेतातील एका हंगामापेक्षा निरनिराळ्या जमिनींवरील आणि किमान दोन हंगामांतील सरासरी मी अधिक विश्वासार्ह मानतो. अशा आकड्यांत सातत्याने वर राहिलेले दोन वाण निवडून, आपल्या सध्याच्या वाणासोबत शेताच्या पूर्ण लांबीच्या पट्ट्यांत पेरावेत आणि उरलेले क्षेत्र या हंगामापुरते सध्याच्याच वाणाखाली ठेवावे.