तिसरी-चौथीचं कोडिंग: आधी फरशीवर, मग संगणकावर

ताई, तिसरी-चौथीचा जोडवर्ग, २८ मुलं, चालू संगणक दोनच, तर कोडिंगची सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. माझाही वर्ग जिल्हा परिषदेचा, जोडवर्गच. पहिले पंधरा दिवस संगणक झाकून ठेवा.

वर्गातल्या फरशांवर खडूने सुरुवात आणि शेवट आखा, मधे दोन दप्तरं ठेवा. एक मूल रोबो, दुसरं हुकूम देणारं. हुकूम तीनच: एक फरशी पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. रोबोने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. दप्तर आडवं आलं तर तिथेच अडायचं. रोबो हुकूम देणाऱ्याकडे तोंड करून चालू लागला की भांडण होतं. उजवं कुणाचं, माझं की त्याचं? भांडू द्या. थोड्या वेळाने कुणीतरी उठून रोबोच्या पाठीमागे उभं राहतं आणि तिथून हुकूम देऊ लागतं. हे त्यांचं त्यांनाच सुचलं पाहिजे. १९६७ मध्ये सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिच्यात हुकमावर चालणारं कासव आलं. मूल अडलं की पॅपर्ट त्याला स्वतःच कासव होऊन चालून बघायला सांगत.

दुसऱ्या आठवड्यात सगळे हुकूम आधी पाटीवर बाणांनी लिहायचे, मगच रोबोने चालायचं. चुकलं तर पाटी पुसू देऊ नका. कितव्या बाणाला चुकलं ते शोधून तेवढाच बाण बदलायचा. माझ्या मते कोडिंगचं निम्मं शिक्षण इथेच होतं.

मग स्क्रॅच, म्हणजे हुकमांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरच्या मांजराला चालवायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं, फुकट आहे, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. मांजर चालताना मागे रेघ ओढणारे लेखणीचे ठोकळे मात्र खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून वेगळे जोडावे लागतात. चौरस सोपा: १०० पावलं, ९० अंश वळण, हे चार वेळा. प्रत्येक वळणानंतर एक सेकंद थांबण्याचा ठोकळा घाला, नाहीतर आकृती क्षणात उमटते आणि मुलांना काय घडलं ते दिसतच नाही.

त्रिकोणाला पुरेसा वेळ ठेवा. आपण मोठी माणसं चटकन ६० सांगतो, कारण समभुज त्रिकोणाचा कोन तेवढा असतो. पण ६० घातलं की मांजर तीन रेघा ओढतं आणि आकृती उघडीच राहते. उत्तर सांगू नका. अंगणात मोठा त्रिकोण आखून मुलांना रेघेवरून चालवा. कोपऱ्यावर चौरसापेक्षा जास्त वळावं लागतं, हे अंगाला कळतं. मग ती आपणहून ९० च्या पुढचे आकडे घालून बघतात. माझ्या वर्गात १००, ११० करत १२० ला त्रिकोण मिटला, तेव्हा दोन्ही संगणकांभोवती सगळा वर्ग गोळा झाला होता. ६० वाया जात नाही. तेच सहा वेळा केलं की षटकोन होतो.

पहिल्या वर्षी मी अख्खा प्रोग्रॅम फळ्यावर लिहून दिला होता. सगळ्यांची मांजरं सारखीच चालली, मीही खूश झालो. दुसऱ्या दिवशी एक आकडा बदलून ठेवला, तर एकालाही दुरुस्त करता आला नाही. तेव्हापासून फळ्यावर फक्त काय घडायला हवं तेवढंच लिहितो.

एका संगणकावर चार मुलं, बाकीची पाटी आणि फरशीवर. माउस दर दहा मिनिटांनी पुढच्या हातात गेलाच पाहिजे. तो मुलग्यांच्या हातात अडकतो आणि मुली नुसत्या बघत राहतात, हे मी फार वेळा पाहिलंय. तुम्हीही माउसला हात लावू नका. घाई तर मुळीच नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग सहावीपासूनच्या टप्प्यात आहे.

शनिवारी सकाळच्या शाळेत फरशीचा खेळ घेऊन बघा. पुढे त्रिकोणापर्यंत पोचलात की मुलांनी पहिला आकडा कोणता घातला, ते इथे नक्की लिहा.