किरमिजी शब्दातला किडा बाटलीत आहे का?

कुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्या घरी केक करून विकतात, रेड वेल्वेटसाठी आणलेल्या लाल रंगाच्या बाटलीवर 'कार्मोइसिन' असं वाचून सासूबाई म्हणाल्या, अगं हे किरमिजच, किड्याचा रंग, हराम आहे, ओतून टाक. तर किरमिजी शब्दात खरंच किडा आहे का?

आहे ना! शब्दापुरत्या सासूबाई एकदम बरोबर. अरबी-फारसीत किर्मिझ म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या ओकच्या झाडांवर चिकटून राहणारा बारका किडा, त्याच्या माद्या वाळवून लाल रंग काढायचे. फारसीत किर्म म्हणजे किडा, म्हणजे आपल्या कृमीचा सख्खा चुलतभाऊ. तिथूनच आपलं किरमिजी आलं आणि तिकडे इंग्रजांचं क्रिमसन, कार्माइन वगैरे. (आजकाल दादरला साडीच्या दुकानात किरमिजी मागितलं तर पोरगा तोंडाकडे बघत बसतो, मरून म्हटलं की लगेच घडी उलगडतो.) पुढे मेक्सिकोकडचा निवडुंगावरचा कोचिनील किडा सापडला आणि जुना ओकवाला मागे पडला. खायच्या कार्माइनमध्ये आज हाच कोचिनील असतो, लेबलवर छापतात तो रंगाचा नंबर 120.

पण ताईंच्या बाटलीवर कार्माइन नाही, कार्मोइसिन आहे, आणि खरा घोटाळा इथेच होतो. नाव त्याच घराण्यातलं, रंगाच्या छटेवरून पडलेलं, पण माल कारखान्यात केमिकलपासून बनवलेला, त्यात किडा औषधालासुद्धा नाही. चष्मा लावून मागचं बारीक अक्षर बघा, 122 असेल. निळ्या रंगातलं इंडिगो कार्माइन असतं ना, 132, त्याचंही तेच, नावात किरमिज आणि आत किडा नाही.

आता 120च असता तर? तर मात्र एका वाक्यात उत्तर नाही. इस्लामी कायद्याची वेगवेगळी मतं आहेत. हनफी मतात टोळ सोडला तर किडे खायचे नाहीत, म्हणून तिकडचे बरेच जण कार्माइन टाळतात, मालिकी मतात किड्यांना सूट आहे. आणि इंडोनेशिया, जिथे बहुतेक लोक आपल्या कोकणी मुसलमानांसारखे शाफिई मताचे, तिथल्या उलेमा (धर्मपंडित) कौन्सिलने 2011 साली कोचिनीलचा रंग हलाल ठरवला, कारण या किड्याला वाहतं रक्त नसतं. तेव्हा आपल्या घरात कुठलं मत चालतं ते आपल्या मौलानांना विचारायचं, हे काम डिक्शनरीचं नाही.

जाता जाता हलाल शब्दाचंही सांगतो, कारण माझ्या ऑफिसातला एकजण परवा हसत म्हणाला, रंगाला कसलं हलाल, रंग काय कापतात का? मराठीत हलाल म्हटलं की सुरीच आठवते, 'हलाल करणे' हा प्रयोगच तसा रुळलाय. अरबीत त्याचा साधा अर्थ परवानगी असलेलं, मग ते मटण असो, पगार असो नाहीतर केकचा रंग. म्हणूनच हलालची कमाई असं म्हणतात. उलट बाजूला हराम, आणि त्याच धातूतून हरम (मक्केचा पवित्र परिसर), एहराम (हज यात्रेकरूची पवित्र अवस्था), मोहरम, म्हणजे मनाई आणि पवित्र दोन्ही एकाच मुळातून. आपण मात्र त्यातून हरामखोर तेवढा उचलला आणि रोज ट्रेनमध्ये वापरतो.

तर ताई, बाटली ओतू नका. फक्त रंग कशात विरघळवलाय ते वाचा. ग्लिसरीन असेल तर ते वनस्पतीचंही असतं आणि चरबीचंही, हिरवा ठिपका असला की ती चिंता नको. पण ठिपका अल्कोहोलचं काही सांगत नाही, आणि त्यावर डोळे मिटून विसंबूही नका, चकचकीत गोळ्यांवरचं शेलॅक म्हणजे आपली लाख, तीही किड्याचीच, तरी कायद्याने तिला हिरवा ठिपका चालतो. सासूबाईंना एवढंच सांगा की शब्द तुमचा बरोबर, नंबर दोनने चुकला.