एका पेटीत दोन साप?

प्रश्न : आम्ही लेस्टरला असतो. मुलाकडे वर्षभराचा कॉर्न स्नेक (घरी पाळतात तो बिनविषारी साप) आहे. त्याला 'सोबत' म्हणून दुसरा आणायचा हट्ट चाललाय. दुकानदार म्हणतो, एकाच पेटीत ठेवा, चालतं. ठेवावेत का?

उत्तर : नका ठेवू. सोबत आपल्याला लागते, कॉर्न स्नेकला नाही. तो एकटाच राहणारा जीव. दोघं एकमेकांवर वेटोळं घालून पडले की 'किती माया!' असं आपल्याला वाटतं. खरं तर दोघांनाही एकच उबदार कोपरा हवा असतो. त्यात दांडगा असेल तो जागा पटकावतो आणि दुसरा थंड बाजूला पडून राहतो. उबेशिवाय सापाला अन्न पचत नाही.

मीही हा उद्योग करून बसलोय. एका सकाळी पेटीत अर्धवट पचलेला उंदीर पडलेला. ओकलं कोण? दोघंही साळसूद! शेवटी दोघांचंही खाणं दहा दिवस बंद ठेवलं. शिवाय एकाच उंदराला दोन टोकांनी दोघं भिडले, तर एक साप दुसऱ्याला गिळू शकतो. नर-मादी निघाले तर लहान वयातच अंडी, तो घोर वेगळा. आणि सोबतीला किंग स्नेक या दुसऱ्या जातीच्या सापाचा तर विचारही नको, साप हे त्याचं नेहमीचंच खाणं.

दुसरा आणायचाच तर पेटी, हीटर, थर्मोस्टॅट सगळं वेगळं घ्या. पहिले तीन महिने त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे त्याच्या अंगावर माइट (रक्त पिणारे बारीक किडे) असले तर ते पहिल्याला लागणार नाहीत. खाणं द्यायचा चिमटासुद्धा वेगळा.