नवा एलडॅप सर्व्हर (वापरकर्त्यांची नावं-पासवर्ड एका जागी ठेवणारी डिरेक्टरी)? आधी एवढंच बघा

सीव्हीईंची, म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटींची, अख्खी यादी वाचून घाबरून जाऊ नका. सुरुवातीला तीनच गोष्टी धरा:

१. एलडॅपचे ३८९ आणि ६३६ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे नकोत.

२. टीएलएस (येणारी-जाणारी माहिती सांकेतिक करणारी सोय) लावा. साध्या बाइंडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या साध्या लॉगिनमध्ये, एरवी पासवर्ड उघडाच जातो.

३. अपडेट टाळू नका. ओपनएलडॅप या एलडॅप सर्व्हरच्या २.४.५० आधीच्या आवृत्त्यांत एकात एक गुंफलेले सर्च फिल्टर पाठवून स्लॅपडी (त्याचा मुख्य प्रोग्राम) बंद पाडता यायचा. २०२० सालची झीरोलॉगॉन ही त्रुटी तर त्याहून भयंकर: पासवर्ड नसतानाही विंडोजचा डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली सगळी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) ताब्यात!

नवख्यांची हमखास चूक मात्र वेगळीच असते. लॉगिन तपासताना ॲप रिकामा पासवर्ड तसाच सर्व्हरकडे धाडतं. काही सर्व्हर त्याला निनावी बाइंड समजून 'यशस्वी' म्हणतात, आणि ॲप बिनधास्त आत घेतं. ओपनएलडॅप हे मुळातच नाकारतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कोडमध्येच अडवा.

त्याच ओपनएलडॅपमध्ये ॲक्सेसचे नियम लिहिलेच नाहीत, तर कुणालाही सगळं वाचता येतं, पासवर्डचे हॅश (साठवलेली सांकेतिक रूपं) सुद्धा. आजच लॉगिन न करता एलडॅपसर्च ही शोधाची कमांड चालवा आणि काय काय बाहेर पडतंय ते बघा. रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवणं), केर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी लॉगिन पद्धत) वगैरे सावकाश.