एसएन१ मधला 'एक' कशाचा?

कोथरूडच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: "बारावीच्या मुलांसाठी सेंद्रिय रसायनशास्त्राची टिपणं मराठीत काढते आहे. सब्स्टिट्यूशनला प्रतियोजन म्हणू, प्रतिष्ठापन की प्रतिस्थापन? आणि एसएन१, एसएन२ यांना 'एकटप्पी' आणि 'द्विटप्पी' म्हटलं तर चालेल का?"

सब्स्टिट्यूशन म्हणजे रेणूतला एक अणू किंवा गट जाऊन त्याच्या जागी दुसरा येणं, आणि एसएन१, एसएन२ हे ते घडण्याचे दोन मार्ग. दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तिथे घोटाळा झाला तर मुलांचे मार्क जातील. चालणार नाही. 'द्विटप्पी' म्हटलं की वर्गातल्या मागच्या बाकावर 'दुटप्पी' ऐकू येणार, हा भाग सोडा. खरी अडचण अशी की नावं नेमकी उलटी पडतात. दोन टप्प्यांत घडते ती एसएन१, आणि एका दमात उरकते ती एसएन२!

हा आकडा टप्प्यांचा नाहीच. इंगोल्ड आणि ह्यूज या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात लंडनमध्ये ही नावं रूढ केली, तेव्हा त्यांनी मोजले ते सर्वांत संथ टप्प्यात सामील असलेले रेणू. म्हणून बरोबर शब्द एकरेण्वीय आणि द्विरेण्वीय. जिभेला जड आहेत, कबूल, पण खोटं बोलत नाहीत. प्रयोगातही तेच दिसतं. मिथाइल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइड सोडा. दोघांपैकी कुणाचंही प्रमाण दुप्पट केलं की वेग दुप्पट, म्हणजे ही एसएन२. तृतीयक ब्युटिल ब्रोमाइड घ्या. हायड्रॉक्साइड दुप्पट ओता, वेग ढिम्म हलत नाही, म्हणजे ही एसएन१.

मुलांना मी पेठेतल्या वाड्याचं उदाहरण देतो. एसएन१ मध्ये जुना बिऱ्हाडकरू आपल्या सवडीने खोली सोडतो. बाहेर नवे दहा जण सामान घेऊन उभे राहिले म्हणून तो लवकर उठत नाही. सगळा वेळ त्याच्या उठण्यातच जातो. एकदा खोली रिकामी झाली की नवा पुढच्या दाराने येवो की मागच्या, त्याला मुभा आहे. म्हणून डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही घडणींचे रेणू मिळतात, अगदी निम्मे-निम्मे नसले तरी. एसएन२ मध्ये नवा मागच्या दाराने आत शिरतो आहे आणि जुना पुढच्या दाराने बाहेर पडतो आहे, दोघेही एकाच वेळी उंबरठ्यावर. प्रवेश फक्त मागूनच, त्यामुळे रेणूची घडण उलटी होते. वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञाने मॅलिक आम्लावर १८९६ मध्ये हीच उलटापालट पाहिली होती, कारण मात्र बऱ्याच नंतर उमगलं. मागच्या दाराशी अडगळ असेल, म्हणजे तृतीयक ब्युटिल ब्रोमाइडसारखे कार्बनला तीन मिथाइल गट चिकटलेले असतील, तर हा रस्ता बंद. मग एसएन१ शिवाय गत्यंतर नाही. त्यातून तेच तीन गट रिकाम्या, धनप्रभारित कार्बनला सावरूनही धरतात.

आता सब्स्टिट्यूशन. प्रतिष्ठापन आणि प्रतिस्थापन हे मुळात एकच शब्द आहेत. 'प्रति'नंतर 'स्था' आला की संस्कृतात स चा ष होतो, जसा 'प्रतिष्ठा'मध्ये. विश्वकोशाने नियम पाळून प्रतिष्ठापन घेतलं. हिंदीत संधी न करता प्रतिस्थापन झालं. व्याकरण विश्वकोशाच्या बाजूने आहे, पण पुण्यात 'प्रतिष्ठापना' म्हटलं की भाद्रपद आठवतो, ब्रोमीन नव्हे. शिवाय गणपती बसवताना कुणाला उठवावं लागत नाही. इथे उठवण्यातच सगळी गंमत आहे. प्रतियोजन दहावीच्या पुस्तकात आहे, मुलांच्या कानावरून गेलेला आहे. तोच ठेवा.

खरं तर सर्वांत नेमका शब्द वैयाकरणांपाशी पडून आहे: आदेश. एक वर्ण काढून त्याच्या जागी दुसरा आणणं म्हणजे आदेश, आणि जो जातो तो 'स्थानी'. आहे ते तसंच ठेवून नवं जोडणं म्हणजे आगम. जुनं वचनच आहे, 'शत्रुवदादेशः, मित्रवदागमः'. आदेश शत्रूसारखा हुसकावून बसतो, आगम मित्रासारखा शेजारी येतो. सब्स्टिट्यूशन आणि अ‍ॅडिशन यांतला फरक याहून कमी शब्दांत मला तरी कुणी सांगितलेला नाही. पण आज 'आदेश' म्हटलं की कलेक्टर कचेरीच आठवते, त्यामुळे टिपणात तो घालू नका. वर्गात गोष्ट म्हणून जरूर सांगा.

न्यूक्लिओफाइलचं, म्हणजे हायड्रॉक्साइडसारख्या नव्या येणाऱ्याचं, तुम्ही विचारलं नाहीत, पण ते ओघाने येणारच. केंद्रकस्नेही म्हणा, जलस्नेहीच्या चालीवर. काही टिपणांत 'केंद्रकाकर्षी' दिसतो तो टाळा. कोण कुणाला ओढतो तेच त्यातून कळत नाही. मेकॅनिझमला यंत्रणा पुरे.

राहिला लीव्हिंग ग्रुप, म्हणजे जागा सोडून जाणारा जुना गट. त्याला 'सुटणारा गट' म्हणावं असं माझं मत. आयोडाइड चटकन सुटतो. फ्लोराइड मात्र सदाशिव पेठेतल्या पागडीच्या बिऱ्हाडकरूसारखा, सहजी जागा सोडायचा नाही.