वाचकांचे प्रश्न: नवीन पिकअप ट्रक घेताय? आधी दार उघडून स्टिकर वाचा

गेल्या अंकात विचारलं होतं की अपडेट झालेल्या फुल-साइज पिकअपमध्ये तुम्हाला काय काय हवंय, तर पत्रं भरपूर आली आणि बहुतेक सगळी इंजिन, स्क्रीन आणि किंमत यावरच. वजनाबद्दल एकानेच विचारलंय, म्हणून पहिला मान त्यांचा.

प्रश्न: माझ्याकडे २०१६ ची फोर्ड एफ-१५० आहे, आता नवीन घ्यायचीय. कॅम्पर ट्रेलर साधारण ७,००० पौंडाचा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. डीलर म्हणतो नवीन मॉडेल १३,००० पौंड ओढतं, डोळे झाकून घ्या. घेऊ का? — मिलिंद, फ्रिस्को (टेक्सस)

मिलिंदराव, डोळे उघडे ठेवूनच घ्या. डीलर खोटं बोलत नाहीये, पण तो आकडा ब्रोशरचा आहे. फोर्ड १३,५०० पौंडापर्यंत सांगते ते ठराविक इंजिन, ठराविक अ‍ॅक्सल आणि टोइंगचं (ट्रेलर ओढायचं) मोठं पॅकेज असलेल्या ट्रकचं, डीलरच्या लॉटवर समोर उभा असलेला ट्रक तोच असेल असं अजिबात नाही. शिवाय हे आकडे काढताना गाडीत ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर, प्रत्येकी १५० पौंडाचे, एवढंच धरतात. मुलं नाहीत, कूलर नाही, कुत्रा तर नाहीच.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसेल, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडाच्या वर जाऊ नये. तो आकडा त्याच एका ट्रकचा असतो, शेजारच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचा वेगळा निघू शकतो. समजा तुमच्यावर १,५५० लिहिलंय. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडतात त्या कडीवर आणि पर्यायाने ट्रकच्याच पाठीवर येतो, ७,००० चे १२ टक्के धरले तरी ८४० झाले. वजन वाटून देणारा हिच घेतला (आणि एवढ्या ट्रेलरला घ्याच) तर त्याचं लोखंडच शंभरेक पौंड. राहिले ६१०. तुम्ही दोघं मिळून ३३०, मुलं २००, म्हणजे हातात उरले ८० पौंड, त्यात सायकली, बार्बेक्यूचा कोळसा आणि वहिनींनी भरलेले डबे. आता सांगा, १३,००० चं काय करायचं? ट्रक ओढेल हो, ओढण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न पाठीवर किती घेतो याचा आहे.

आणि गंमत अशी की ट्रिम (त्याच मॉडेलचा कमी-जास्त सोयींचा प्रकार) जितकी महाग तितका हा आकडा बहुतेक वेळा खाली येतो. पॅनोरमिक सनरूफ, मोठी चाकं, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, हे सगळं वजन ट्रकच्याच खात्यातून वजा होतं. म्हणून लॉटवर फिरताना आधी दारं उघडून स्टिकरचे फोटो काढा. सेल्समन जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे. माझं विचाराल तर तुम्ही मधली ट्रिम आणि टोइंग पॅकेज घ्या, सनरूफचा नाद सोडा.

एक गोष्ट मात्र एफ-१५० च्या २०२४ च्या रिफ्रेशमध्ये खरंच कामाची आलीय. ट्रेलर जोडलेला असताना नेहमीचा टेलगेट (मागचा फळा) खाली पाडला की तो ट्रेलरच्या जॅकवर आदळतो, आणि मग मागचं सामान काढायला बाजूने चढून वाकावं लागतं. आता टेलगेटच्या मधलाच भाग दारासारखा बाजूला उघडणारा ऑप्शन मिळतो. हे कोणीतरी स्वतः कॅम्पिंगला जाऊन आल्यावर सुचलेलं वाटतं. सुरुवातीच्या जीएमसीच्या सहा प्रकारे उघडणाऱ्या टेलगेटचं उलट झालं होतं, हिच लावलेला विसरून आतली फळी पाडली की थेट बॉल माउंटवर आपटायची आणि पोचा पडायचा.

प्रश्न: ह्यांना मोठी स्क्रीन हवीय, मला बटणं हवीत आणि गाडी गॅरेजमध्ये मावायला हवी. शिवाय वीज गेली की घर चालवणारा ट्रक असतो म्हणतात, ते खरं का? — वृंदा, केटी (टेक्सस)

वृंदाताई, स्क्रीनचं भांडण तुम्ही हरलात, कारण लहान स्क्रीन आता फारशी कोणी देतच नाही. एफ-१५० ला २०२४ पासून १२ इंची सगळ्यांना, शेव्हरोलेच्या सिल्व्हराडोच्या वरच्या ट्रिम्सना २०२२ च्या रिफ्रेशपासून १३.४ इंची, रॅमला २०२५ मध्ये १४.५ पर्यंत गेलीय आणि पॅसेंजरसाठी वेगळी स्क्रीनसुद्धा मिळते, म्हणजे आता ह्यांच्या शेजारी बसून तुम्ही सीरियल बघू शकता. बटणांसाठी एकच टेस्ट करा, टेस्ट ड्राइव्हला हातमोजे घालून बसा आणि रस्त्यावरची नजर न हलवता एसी कमी करा, आवाज कमी करा, सीट हीटर लावा. जमलं तर गाडी चांगली. ट्रकमध्ये मेन्यूत शिरून एसी शोधायला लावणं हा मूर्खपणा आहे, आणि बहुतेक ट्रकवाल्यांनी निदान आवाजाची खुंटी तरी शाबूत ठेवलीय.

गॅरेजचं सांगते. क्रू कॅब (चार दारांची) आणि साडेपाच फुटांचा बेड (मागचा सामानाचा हौदा) अशी एफ-१५० साधारण २३२ इंच लांब, म्हणजे १९ फुटांच्या वर. गॅरेज २० फूट खोल असेल तर कागदावर मावते, पण समोरच्या भिंतीला वॉटर हीटर किंवा जिन्याची पायरी असेल, मागे हिचचा बॉल बाहेर आला असेल, तर दार बंद होणार नाही. टेप घेऊन भिंतीपासून नाही, वॉटर हीटरपासून मोजा. साडेसहा फुटांचा बेड घेतलात तर ड्राइव्हवेवरच ठेवायची तयारी ठेवा.

विजेचं खरं आहे. एफ-१५० हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॅटपर्यंतचा जनरेटर ऑप्शन मिळतो, बेडमध्ये सॉकेट असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सस गोठलं तेव्हा लोकांनी त्यावर घरातले हीटर आणि फ्रिज चालवले, फोर्डने डीलरांना लॉटवरचे असे ट्रक लोकांना वापरायला द्या म्हणून सांगितलं होतं. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळाने तुमच्याच भागात दिवसेंदिवस वीज नव्हती, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. फ्रिज, पंखे, खिडकीतला छोटा एसी, वायफाय हे आरामात चालेल, अख्ख्या घराच्या सेंट्रल एसीच्या भरवशावर राहू नका. दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. हायब्रिडचं इंजिन मधेमधे सुरू होतं, त्यामुळे ट्रक गॅरेजच्या बाहेर, उघड्यावरच लावायचा, बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो. आणि घराच्या वायरिंगला जोडायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच (घर बाहेरच्या विजेपासून तोडून ट्रकवर घेणारा) बसवून घ्यायचा, सॉकेटला उलटी वायर लावायची नाही.

प्रश्न: व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) की टर्बो? मित्रांत रोज वाद होतो. — रवी, एडिसन (न्यू जर्सी)

हा वाद कंपन्यांनाही मिटवता आलेला नाही. रॅमने २०२५ च्या अपडेटमध्ये ५.७ लिटरचं हेमी व्ही-८ काढून ३ लिटरचं ट्विन-टर्बो सहा सिलिंडर दिलं. ४२० हॉर्सपॉवर, म्हणजे हेमीच्या ३९५ पेक्षा जास्तच. तरी गिऱ्हाईक असं चिडलं की २०२६ साठी हेमी परत आणावं लागलं! कागदावर जास्त दिलं तरी लोकांना कमी वाटलं, कारण त्यांना तो घरघराट हवा होता. हरकत नाही, आवाजासाठी पैसे देताय हे माहीत असू द्या म्हणजे झालं.

पण व्ही-८ म्हणजे दणकट आणि टर्बो म्हणजे कटकट हे गणित आता चालत नाही. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) ६.२ लिटर व्ही-८ चा एप्रिल २०२५ मध्ये रिकॉल झाला, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्या, २०२१ ते २०२४ च्या अमेरिकेतल्या जवळपास सहा लाख गाड्या, आतले बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचा दोष. टोयोटाच्या टुंड्राने २०२२ ला जुनं ५.७ व्ही-८ सोडून ट्विन-टर्बो व्ही-६ आणलं आणि २०२४ मध्ये इंजिनात राहिलेल्या मशीनिंगच्या कचऱ्यामुळे लाखभर गाड्यांचा रिकॉल, टोयोटाकडून कोणी अपेक्षा केली नव्हती. माझं मत सरळ आहे, नव्या इंजिनाचं पहिलं वर्ष दुसऱ्याला घेऊ द्यावं. आणि जुना घेत असाल तर एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या) साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून कुठला रिकॉल बाकी आहे का ते बघूनच सही करा, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: डिझेल घ्यावं का? थंडी उणे तीसपर्यंत जाते. — एक वाचक, एडमंटन (कॅनडा)

हाफ-टनमध्ये (एफ-१५० च्या वर्गातल्या ट्रकमध्ये) डिझेल आता फक्त जीएमकडे राहिलंय, ३ लिटरचं ड्युरामॅक्स. फोर्डने एफ-१५० मधलं बंद केलं, रॅमनेही. हायवेवर रोज लांब जात असाल तर मायलेज सुखावतं. ब्लॉक हीटर लावून रात्री प्लगला जोडा, पंपावर विंटर डिझेल भरा. डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) उणे ११ सेल्सिअसला गोठतं, पण टाकीला हीटर असतो, त्यामुळे घाबरू नका, जास्तीचा कॅन मात्र गॅरेजमध्ये आत ठेवा. नुसतं ऑफिस आणि टिम हॉर्टन्सची कॉफी एवढंच फिरणं असेल तर पेट्रोलच बरं. छोट्या फेऱ्यांनी डिझेलचा फिल्टर चोंदतो.

प्रश्न: भारतात हे ट्रक का येत नाहीत? — ओंकार, पुणे

कारण ते अमेरिकेच्या रस्त्यांसाठी आणि अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठीच बनतात, स्टिअरिंग डावीकडे, ऑस्ट्रेलियात उजवीकडे करून विकतात पण ते बदलण्याचा खर्च गाडीवर चढतो. फोर्डने तर भारतातलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्येच जाहीर केलं. आणि समजा आलाच, तर आरसे सोडून रुंदी दोन मीटरच्या वर, आरशांसकट जवळपास अडीच मीटर. अप्पा बळवंत चौकात एकदा वळवून दाखवा. हौस असेल तर टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस चालवून बघा, दोन्ही ५.३ मीटरच्या आसपास, डिझेल, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तेवढीसुद्धा मोठीच वाटते.