धडधड मोजली, गोळी चुकली

एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या एका आजाराचं, निदान झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो. "डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही, गोळ्या घ्या आणि टेन्शन घेऊ नका. पण छातीत फडफडायला लागलं की टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला देणाऱ्याला फुकटात पडतो आणि घेणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. वर घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुम्ही काळजी करता म्हणूनच हे झालं." म्हणजे आजारही आपल्याचमुळे!

लालबागच्या एका काकांची हकीकत सांगते. त्यांची आणि काकूंची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका ६७ वर्षांचे, छापखान्यातली नोकरी करून निवृत्त झालेले. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेहमीसारखा ईसीजी काढला आणि त्यात ठोके अनियमित दिसले. ऑपरेशन पुढे ढकललं, कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा ठीक, थायरॉइड ठीक. चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रात दिसलं की अनियमितपणा येतो आणि आपला आपण जातो. सकाळ-संध्याकाळ रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅपिक्साबॅन, शिवाय ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलोल सुरू झालं.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ईसीजी काढला त्या दिवशी काकांना काहीही त्रास होत नव्हता. ते चालत गेले होते, चालत आले. धडधड सुरू झाली ती निदानाचा कागद हातात पडल्यावर.

मग पुण्याच्या मुलाने घड्याळ पाठवलं. नाडी सांगणारं, ईसीजी काढणारं. हेतू चांगलाच होता. पण काका त्या घड्याळाकडे इतक्या वेळा बघायला लागले की काकू म्हणाल्या, "आमचं लग्न झालं तेव्हाही यांनी माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं." घड्याळाला नेमकं सांगता आलं नाही की ते तसं लिहून दाखवतं, आणि ते वाचलं की काकांचे तळहात गार पडायचे. दर थोड्या वेळाने काकूंना हाक. "अगं, इकडे बघ, माझं तोंड वाकडं झालंय का?" काकू म्हणायच्या, "नाही हो." त्यावर अर्धा तास निभायचा. संध्याकाळचा कट्टा बंद झाला. ठाण्याच्या लेकीकडे जाणं बंद झालं, कारण फास्ट लोकल दादरहून सुटली की कुर्ल्यापर्यंत उतरता येत नाही. मध्येच काही झालं तर?

पहिल्या भेटीत मी श्वासाचे व्यायाम वगैरे काही शिकवले नाहीत. फक्त सांगितलं, "काका, या आजारासाठी दिवसभरात जे जे करता ते आठवडाभर लिहून आणा. आणि येताना औषधाच्या पट्ट्या घेऊन या."

कागद भरगच्च होता. घड्याळ, मनगटावर बोट, बीपीचं मशीन, आरशात हसून बघणं, मोबाईलवर शोधाशोध. पट्ट्या काकूंनी टेबलावर ठेवल्या आणि मोजल्या, तर अ‍ॅपिक्साबॅनच्या गोळ्या उरायला हव्या होत्या त्याहून जास्त उरल्या होत्या. काकूंचा चेहरा पडला. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"संध्याकाळची कधी कधी राहते," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "राहते म्हणजे, मीच घेत नाही."

झालं होतं असं. दाढी करताना कापलं आणि रक्त नेहमीपेक्षा उशिरा थांबलं. शेजारच्या माणसाने सांगितलं, या गोळ्यांनी आतल्या आत रक्तस्राव होतो, रात्री झोपेत झाला तर कळायचंही नाही. तेव्हापासून संध्याकाळची गोळी अधूनमधून गाळायला सुरुवात झाली. डॉक्टरांना सांगायची हिंमत नव्हती, काकूंना सांगितलं तर त्या ओरडतील. म्हणजे दिवसभर हृदयावर पहारा, आणि पहाऱ्याचं खरं काम करणारी गोळी मात्र डब्यात.

त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण भीतीचा गुंता सुटायला सुरुवात इथूनच होते. हृदयाचे वरचे दोन कप्पे या आजारात नीट आकुंचन न पावता थरथरतात. तिथे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या वर विजेचे इशारे उठतात. ते सगळे खाली पोचले तर कठीणच होतं, पण मधे एव्ही नोड नावाची गाठ असते. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर पोलीस थोडी थोडी माणसं सोडतो ना, तशी ती मोजकेच इशारे खालच्या कप्प्यांकडे सोडते. छातीत जाणवते ती या येड्यावाकड्या सोडण्याची धडधड. ती त्रासदायक असते, दम काढते, पण मुख्य धोका तो नव्हे. मुख्य धोका आहे गुठळीचा. वरचा डावा कप्पा नीट रिकामा होत नाही, त्याच्या एका पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त रेंगाळतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा धोका साधारण पाचपट होतो. आणि गुठळी होताना छातीत काहीही जाणवत नाही.

"म्हणजे जे जाणवतं त्याला मी घाबरतोय," काका सावकाश म्हणाले, "आणि ज्याला घाबरायला हवं ते जाणवतच नाही."

"आणि त्याच्यासाठी गोळी आहे," मी म्हटलं. "सकाळची आणि संध्याकाळची."

रक्तस्रावाची भीती मी उडवून लावली नाही, ती खरी आहे. या गोळीने रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे दाढीची जखम जास्त वेळ वाहणार. शौच काळं झालं, लघवीत रक्त आलं, डोक्यावर पडलात, तर डॉक्टरांना लगेच गाठायचं. पण गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर अंदाजाने ठरवत नाहीत. वय, बीपी, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात, हृदयाचा अशक्तपणा अशा गोष्टींना गुण देऊन ठरवतात. काकांना पासष्टी ओलांडल्याचा एक आणि बीपीचा एक असे दोन गुण होते, आणि पुरुषाला दोन गुण म्हणजे गोळी घ्यावी असाच सल्ला असतो. अ‍ॅपिक्साबॅनचा असर शरीरात दिवसभर टिकत नाही, म्हणून ती दोनदा घ्यायची. एखादी राहिलीच तर त्याच दिवशी आठवताक्षणी घ्यायची, पण दोन एकदम घ्यायच्या नाहीत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्याही त्याच पिशवीत निघाल्या. गोठणं लांबवणाऱ्या औषधाबरोबर अशी वेदनाशामकं घेतली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेजाऱ्याने हे मात्र सांगितलं नव्हतं.

गाळलेल्या गोळ्यांबद्दल काकांनी स्वतः कार्डिओलॉजिस्टला सांगावं असं ठरलं. काकू सोबत होत्या, पण बोलले काकाच. डॉक्टर रागावले नाहीत, हे त्यांना अजून खरं वाटत नाही.

त्याच भेटीत एक कागद लिहून घेतला, डॉक्टरांच्या शब्दांत. चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, एका हातातलं किंवा पायातलं बळ गेलं, बोबडी वळली, तर घड्याळ बघायचं नाही, लेकीला फोन करून सल्ला विचारायचा नाही, १०८ ला फोन किंवा सरळ टॅक्सी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून सीटी स्कॅनची सोय रात्रंदिवस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं ते आजच ठरवून ठेवायचं. तिथे पोचल्यावर अ‍ॅपिक्साबॅन चालू आहे आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे आधी सांगायचं, कारण उपचार त्यावर बदलतो. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी दम लागणं, यालाही थांबायचं नाही. विश्रांतीतही नाडी किती राहिली तर फोन करायचा, तो आकडा डॉक्टरांनी स्वतः लिहिला. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून इथे देत नाही.

कागद फ्रिजवर लागला आणि काकूंची सुटका झाली. "तोंड वाकडं झालंय का?" या प्रश्नाला आता एकच उत्तर द्यायचं, "कागद बघा." सुरुवातीला काका चिडले. "एवढं साधं सांगायला काय जातं तुझं?" काकूंनाही कठोर वाटलं. पण दर वेळी मिळणारा दिलासा अर्ध्या तासात विरतो आणि पुढचा दिलासा मागतो. ही सवय घरातली मायेची माणसंच नकळत लावतात, आणि ती मोडताना वाईटही त्यांनाच वाटतं.

घड्याळ काढून टाका असं मी म्हटलं नाही. सकाळी चहाआधी पाच मिनिटं बसून बीपी दोन-तीनदा मोजायचं, कारण ठोके अनियमित असले की मशीनचा एकच आकडा भरवशाचा नसतो. नाडी वहीत लिहायची. दिवसभरातलं मोजणं तेवढंच. घड्याळ मग कपाटात. चहा सोडू का, असंही काकांनी विचारलं होतं. बेताच्या चहा-कॉफीने हा आजार बळावतो असं दिसलेलं नाही. दारूने मात्र तो बळावू शकतो. काका घेत नाहीत, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

हातांना आणि ओठांभोवती येणाऱ्या मुंग्यांना ते पक्षाघाताची सुरुवात समजत होते. घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात, बहुधा दोन्ही हातांना. हे पटवायला काही समुपदेशक मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावतात. हृदयाच्या रुग्णाबाबत मी ते करत नाही. त्याऐवजी डॉक्टरांची परवानगी घेऊन काकांना माझ्या इमारतीचे दोन मजले चढायला लावले. धडधड वाढली. वर पायरीवर बसून आम्ही गप्पा मारल्या, त्यांच्या छापखान्यातल्या खिळे जुळवण्याच्या दिवसांच्या. बोलता बोलता धडधड उतरली. मनगटाला बोट लावायला ते विसरले होते.

रात्रीचा प्रश्न मात्र सुटेना. दोन-तीनच्या सुमारास दचकून जाग, घशाला कोरड, छातीत ढोल. मी याला भीतीच धरून चालले असते, पण काकू सहज बोलून गेल्या, "घोरणं असं असतं की शेजारी भिंत वाजवतात. मधेच थांबतं, मग गुदमरल्यासारखा मोठ्ठा श्वास घेतात." हे समुपदेशनाचं काम नव्हे. मी त्यांना त्याच दिवशी परत डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला, स्लीप अ‍ॅप्निया. तो एट्रियल फिब्रिलेशनला खतपाणी घालतो आणि बीपीलाही. आता ते नाकावर हवेचा दाब देणारा मास्क लावून झोपतात. पहिले काही आठवडे मास्कशी भांडणच होतं. पण रात्रीची जाग बरीच कमी झाली. प्रत्येक धडधड मनाच्या खात्यावर टाकू नये, हे मी सहकाऱ्यांनाही सांगत असते.

लोकलचं काम टप्प्याटप्प्याने केलं. दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने करी रोड ते दादर, काकूंबरोबर. मग एकट्याने. मग कुर्ला. स्लो गाडीत दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येतं, तोच आधार. एकदा माटुंग्याला खरोखरच ठोके बिघडले. ते उतरले, बाकावर बसले, मनातल्या मनात फ्रिजवरचा कागद वाचला. त्यातलं एकही लक्षण नव्हतं. पुढची गाडी पकडून कुर्ल्याला गेले. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज चढलेला होता, रागाने नव्हे. ठाण्याची फास्ट त्यानंतर महिन्याभराने झाली, आणि लेकीने केलेलं वरण-भात-तूप खाऊन त्याच संध्याकाळी ते परतही आले.

ठोके अजूनही अधूनमधून बिघडतात. कार्डिओलॉजिस्टनी अ‍ॅब्लेशनचा पर्याय समोर ठेवलाय. जांघेच्या शिरेतून तार आत नेऊन, अनियमितपणा जिथून उठतो तो हृदयातला भाग वेगळा पाडतात. गणपती झाल्यावर ठरवू, असं काकांचं म्हणणं आहे. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी त्यांनी स्वतः केली. पहिला प्रश्न होता, "यानंतर घड्याळ लावायला लागेल का?" तो त्यांनीच खोडला आणि खाली लिहिलं, "यानंतर संध्याकाळची गोळी बंद होईल का?" अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने ती चालू ठेवावीच लागते. पुढे काय करायचं ते निव्वळ ठोके नीट झाले म्हणून ठरत नाही, ते त्या दोन गुणांकडे बघून ठरतं. बाकीचं डॉक्टरच सांगतील, असं मी त्यांना म्हटलं.